चतुरंग सेना आणि आठ जीबी रॅम

साताऱ्या-सांगलीकडून येणारी विचारणा बहुतेक एकाच सुरातली असते. 'साधा लॅपटॉप आहे, युद्धाचे ऐतिहासिक गेम चालतील का?' 'शिवाजी महाराजांचा गेम कुठला?' 'अर्ध्या तासात मशीन तापतं आणि बंद पडतं, काय करू?' 'मुलगा दहावीला आहे, घेऊन द्यावा का?' प्रश्न कराडचा असो, विट्याचा असो की फलटणचा, घोळ एकाच जागी असतो. गेम आधी विकत घेतला जातो, लॅपटॉपला तो झेपतो का हे नंतर बघितलं जातं, आणि ज्या इतिहासासाठी पैसे मोजले तो त्या गेममध्ये आहे की नाही, हे सगळ्यात शेवटी कळतं.

तुम्ही क्रम उलटा करा. आधी मशीन, मग काळ, मग गेम.

मशीन काय पेलेल ते आधी बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा आणि चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, डिस्क एसएसडी की जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि शेवटी 'जीपीयू' या नावाखाली काय लिहिलंय ते. तिथे फक्त इंटेलचं यूएचडी किंवा आयरिस असं नाव दिसलं, तर तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घाबरू नका. अर्धी यादी त्यावरही चालते.

- ४ जीबी रॅम, जुना लॅपटॉप: झीरो ए.डी. हा मोफत गेम, किंवा 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची २०१९ची डेफिनिटिव्ह एडिशन सगळ्यात खालच्या सेटिंगवर. तिला डिस्कवर सुमारे ३० जीबी मोकळी जागा लागते.
- ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही: 'एज ऑफ एम्पायर्स टू' आरामात चालेल. 'एम्पायर: टोटल वॉर' मध्यम सेटिंगवर चालेल. तो २००९चा आहे, आजच्या साध्या लॅपटॉपला त्याचं फार ओझं होत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स फोर' सुरू होईल, पण सैन्य वाढलं की रखडेल.
- १६ जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड: मग काळ निवडा. मशीनची चिंता सोडा.

खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी आणि त्यानंतर रॅम. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला रॅमची एक मोठी पट्टी असण्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असलेल्या बऱ्या, कारण अंगभूत ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. दुकानदार हे क्वचितच आपणहून सांगतो.

तापण्याबद्दल: लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून लढाया करू नका. हवेची जाळी खालच्या अंगाला असते, ती बुजते. मे महिन्यातल्या सांगलीत तर टेबल आणि पंखा दोन्ही हवेत. गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'व्ही-सिंक' चालू करा, किंवा फ्रेमची मर्यादा ३० अथवा ६० वर बांधा. अशा गेममध्ये सेकंदाला शंभर फ्रेम मिळवून काही साधत नाही, मशीन मात्र तेवढ्यासाठी धापा टाकत राहतं. 'एज ऑफ एम्पायर्स टू'सोबत 'एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक' फुकट मिळतो म्हणून उतरवून घेणारे बरेच आहेत. तो मोठ्या पडद्यांसाठी आहे, तुमच्या लॅपटॉपवर टाकू नका.

मराठे नेमके कुठे सापडतील?

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये मराठे नाहीत. २०२२ साली त्याचा 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' हा भाग आला, त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, आधीच्या 'इंडियन्स'चे 'हिंदुस्तानी' झाले, आणि बाबर, देवपाल व राजेंद्र चोळ यांच्या मोहिमा मिळाल्या. त्या गेमचा काळ मुख्यतः मध्ययुगाचा आहे, तो सतराव्या शतकातल्या सह्याद्रीपर्यंत पोचतच नाही. एक सोय मात्र आहे: या गेमचा मजकूर हिंदीत करता येतो. इंग्रजी सूचना वाचून कंटाळणाऱ्या घरातल्या मंडळींना त्याचा उपयोग होतो.

'एज ऑफ एम्पायर्स थ्री'मध्ये भारतीय आहेत ते २००७च्या 'एशियन डायनेस्टीज'पासून. रजपूत, गुरखे, शिपाई, माहूत, उंटावरचे जंबुरके असे सगळे एका फौजेत कोंबलेले. त्यातली भारताची मोहीम १८५७च्या पार्श्वभूमीवरची असली तरी कथा आणि पात्रं काल्पनिक आहेत. खेळायला झकास आहे, पण मुलांना इतिहास म्हणून देऊ नका.

'युरोपा युनिव्हर्सालिस फोर' १४४४ सालापासून सुरू होतो. तेव्हा आपल्याकडे बहमनी राज्य होतं. मराठी संस्कृतीचं एखादं राज्य वाढवत नेऊन पुढे मराठा सत्ता उभी करता येते. हा गेम नकाशावरचा आहे, रणांगण दिसत नाही, आणि शिकायला आठवडे जातात. करवसुली, वारसाहक्क, तह, मांडलिक या गोष्टींत रस असेल तरच त्या वाटेला जा.

आणि मग 'एम्पायर: टोटल वॉर'. मराठा राज्यसंघ थेट निवडून खेळता येतो असा मोठा व्यावसायिक गेम विचाराल, तर मी आजही पहिलं नाव याचंच घेतो. युरोप, अमेरिका आणि भारत असे तीन मुख्य रंगमंच, नकाशावर एक चाल म्हणजे सहा महिने, आणि लढाई उभी राहिली की हजारो सैनिक पडद्यावर. मोठी मोहीम १७०० साली सुरू होते.

हे साल सातारकरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या पायथ्याशी तळ देऊन बसला. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. एप्रिलमध्ये अजिंक्यतारा, म्हणजे साताऱ्याचा किल्ला, मुघलांच्या हाती गेला आणि त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं गेलं. म्हणजे गेम सुरू होतो त्या वर्षी खरं मराठा राज्य गळ्यापर्यंत बुडालेलं होतं. गेममध्ये मात्र तुम्हाला सुटसुटीत प्रदेश, शाबूत राजधानी आणि समोर एक अवाढव्य पण सुस्त मुघल सत्ता मिळते. ताराबाईंनी पुढची सात वर्षं जे केलं, त्याच्या मानाने तुमचं काम बरंच सोपं आहे. हे मनात ठेवूनच खेळा, म्हणजे 'चूक दाखवलंय' म्हणून चिडचिड होणार नाही.

'एम्पायर'ची मोबाइल आवृत्ती २०२४मध्ये आली. संगणक नसेल तर तोही रस्ता आहे, पण आपला हँडसेट चालणाऱ्यांच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी ॲप स्टोअरवर बघा.

पैसे कुठे आणि कसे द्यायचे

संगणकाच्या गेमसाठी 'स्टीम' हे दुकान सगळ्यात प्रचलित आहे. भारतात किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे देता येतात. घाई नसेल तर सेलची वाट बघा. जूनअखेरचा उन्हाळी आणि डिसेंबरचा हिवाळी हे दोन मोठे. जुन्या गेमवर तेव्हा घसघशीत सूट असते. पूर्ण किमतीला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा गेम घेण्यात अर्थ नाही.

मायक्रोसॉफ्टच्या पीसी गेम पासमध्ये 'एज ऑफ एम्पायर्स'चे भाग मासिक वर्गणीत मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर खेळून सोडणार असाल तर ते परवडतं. वर्षभर एकच गेम खेळणाराने तो विकत घ्यावा. वर्गणी यूपीआय ऑटोपेवर बसते आणि सुट्टी संपली तरी पैसे कापले जातच राहतात. वर्गणी त्यांच्या खात्यातून रद्द केल्यावर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून मँडेटही रद्द झालंय ना, हे बघा.

काही गोष्टी टाळा:

- पेनड्राइव्हवरून मिळणारी 'क्रॅक' प्रत. ती चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात. त्याच लॅपटॉपवर घरातलं नेटबँकिंग होत असतं.
- दुसऱ्याचं स्टीम खातं स्वस्तात विकत घेणं. खातं विकायला नियमानेच बंदी आहे. मूळ मालक ईमेलवरून ते केव्हाही परत ओढून घेऊ शकतो, आणि तुमची दाद कुठेच लागत नाही.
- 'सगळे गेम भरून दिलेली' हार्ड डिस्क. वरचे दोन्ही धोके एकाच डब्यात.

घरात दोघा-तिघांना खेळायचं असेल तर 'स्टीम फॅमिलीज' वापरा. सहा जणांपर्यंत एका घरात गेम वाटून घेता येतात. एकच प्रत एकाच वेळी दोघांना मात्र चालवता येत नाही.

डाउनलोड आणि वीज

मोबाइल हॉटस्पॉटवर रोज दीड जीबी मिळत असेल तर ३० जीबीचा गेम उतरायला वीस दिवस लागतील. ब्रॉडबँडवाला २० एमबीपीएस म्हणतो तेव्हा सेकंदाला प्रत्यक्षात अडीच एमबी उतरतात, म्हणजे तोच गेम सव्वातीन तासांच्या पुढेमागे येतो. स्टीममध्ये डाउनलोडची वेळ लावून ठेवता येते, ती रात्रीची लावा. मध्येच लाइन गेली तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं.

मित्राकडे तोच गेम असेल तर पुन्हा उतरवण्याची गरजच नाही. त्याच्या स्टीममधून 'बॅकअप' काढून पेनड्राइव्हवर आणा, किंवा दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवून थेट पाठवा. गेम तुम्ही तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असला की हे पूर्ण कायदेशीर आहे. होस्टेलवाल्यांनी तर हे आधी शिकून घ्यावं.

नेट नसताना खेळायचं असेल तर गेम एकदा नेट चालू असताना सुरू करून बंद करा आणि मग स्टीमचा ऑफलाइन मोड लावा. हे न करता गावी गेलेल्यांचे फोन हमखास येतात.

विजेचं म्हणाल, तर लॅपटॉपवाले सुटले. पण बॅटरीवर मशीन मुद्दाम मंद चालतं, त्यामुळे वीज गेल्यावर मोठी लढाई रेटू नका, सेव्ह करून थांबा. डेस्कटॉपवाल्यांनी साधा यूपीएस घ्यावा. तो काही तासभर चालणार नाही, सेव्ह करून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं देईल, तेवढीच पुरेत. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला बहुधा एक खटका असतो: एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल'. तो यूपीएसवर ठेवा. नाही तर दिवे-पंखे चालू राहतात आणि संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

सेव्ह फाइलचं एक सांगायलाच हवं. 'एम्पायर' जुना आहे, लांबलेल्या मोहिमेत अधूनमधून बंद पडतो, आणि नेमकी सेव्ह होत असताना वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. म्हणून दर पाच-दहा चालींनी वेगळ्या नावाने सेव्ह करा. या फाइली कुठे असतात ते ठाऊक असू द्या: फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' दिसतील असं करा, मग तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा, रोमिंग, द क्रिएटिव्ह असेम्ब्ली, एम्पायर आणि शेवटी सेव्ह गेम्स. विंडोज नव्याने टाकायला लॅपटॉप दुकानात देण्याआधी हा फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या. दुकानदार 'डी ड्राइव्हला हात लावत नाही' म्हणतो ते खरं असतं, पण ही मोहीम सी ड्राइव्हवर असते.

पहिले दोन तास वाया घालवू नका

स्टीमचा परताव्याचा नियम साधा आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. कारण काहीही असो. दोन तास मोजले जातात ते गेम उघडा असल्याचे. तुम्ही मध्येच 'पॉज' करून जेवायला गेलात तर ते जेवणही त्यात धरलं जातं.

बहुतेक जण हे दोन तास शिकवणीच्या धड्यांत घालवतात. त्यात पाच-पंचवीस सैनिक असतात, गेम लोण्यासारखा चालतो, आणि दहा दिवसांनी पहिली मोठी लढाई आली की रखडतो. तोवर परताव्याचा हक्क गेलेला असतो. म्हणून असं करा:

1. पहिल्या पंधरा मिनिटांत ग्राफिक्स सेटिंग लावा. 'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये बेंचमार्कची चाचणी आहे, ती चालवून बघा.
2. मग मोहीम सोडा. एकटी लढाई उघडा आणि सैन्य जितकं भरता येईल तितकं भरा. 'एम्पायर'मध्ये दोन्ही बाजू पूर्ण भरा आणि तोफा ठेवा. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये सगळे प्रतिस्पर्धी संगणकाचे ठेवून मोठा नकाशा घ्या.
3. अर्धा तास तसंच चालू द्या. पंख्याचा आवाज, तापमान, रखडणं, बंद पडणं बघा.
4. नाही जमलं तर त्याच दिवशी परतावा मागा. पैसे स्टीम वॉलेटमध्ये किंवा ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत घेता येतात.

खेळायला बसल्यावर

'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये नवख्याची हार युद्धात होत नाही, शेतात होते. मुख्य केंद्रातून गावकरी निघणं थांबलं की तुम्ही मागे पडलात. एक गावकरी ५० अन्नाला पडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं दुसरा कसलाही विचार न करता गावकरी काढत राहा. 'आर्ट ऑफ वॉर' नावाच्या छोट्या कवायती गेममध्येच आहेत, त्या आधी करा. त्या यूट्यूबवरच्या दोन तासांच्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतात.

'एम्पायर'मध्ये मराठे घेऊन बसलात की पहिला मोह होतो तो दिल्लीवर चालून जाण्याचा. आवरा. या गेमची एक खुबी अशी की प्रांतातली शेती, कारखाने, बंदरं शहराच्या तटाबाहेर नकाशावर वेगवेगळी दिसतात, आणि घोडदळाची एखादी छोटी तुकडी त्यावर नेऊन बसवली की त्या ठिकाणचं उत्पन्न बंद होतं. शहराला वेढा घालण्याआधी असे दोन-तीन ठिकाणचे लचके तोडा. समोरची मुख्य फौज धावून आली की निघून जा, दुसरीकडे उगवा. मुलुखगिरी खेळाच्या नियमांत बसते ती इथे. मैदानात मात्र संगणकाच्या बंदुकांच्या रांगेवर समोरून घोडे घातलेत तर पानिपतच होईल. हत्तींचं कौतुकही फार करू नका. तोफेचा मार बसला की ते उधळतात, आणि उधळलेला हत्ती कोणाचा राहत नाही.

घरात मूल असेल तर

साताऱ्याकडे घराघरात फौजी. अपशिंग्यासारखं गाव 'मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१पासून साताऱ्यात आहे. त्यामुळे 'हा गेम खेळून एनडीएला उपयोग होईल का' असंही विचारलं जातं. नाही होणार. नकाशा वाचण्याची गोडी लागेल, रसद म्हणजे काय ते थोडं कळेल, इतकंच. प्रवेश परीक्षेत गणित आणि इंग्रजी असतं.

स्टीमचं खातं १३ वर्षांखालच्या मुलाच्या नावे काढता येत नाही. स्टीम फॅमिलीजमध्ये पालकाला मुलाच्या खात्यावर रोजची वेळ बांधता येते आणि कुठले गेम दिसावेत ते ठरवता येतं. 'एका चालीनंतर उठतो' हे वाक्य या प्रकारच्या गेममध्ये खोटं पडतंच, मोठ्यांचंही पडतं. घड्याळाकडे सोपवलेलं बरं.

मोबाइलवरचे 'राज्य उभारा, सैन्य वाढवा' छापाचे फुकट गेम ही वेगळीच जमात. तिथे वेळ वाचवण्यासाठी, हिऱ्यांसाठी, ढालीसाठी पदोपदी पैसे मागतात. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करा. आणि जिथे पैसे लावून पैसे जिंकण्याचं आमिष आहे, तो युद्धाचा गेम असो की पत्त्यांचा, त्याच्या वाटेला जाऊ नका. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने असे पैशांचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला. विकत घेऊन घरी खेळायच्या गेमचा त्या कायद्याशी संबंध नाही. 'गेमवर बंदी आली ना?' म्हणून विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर.

फसलात तर

लॅपटॉप दुकानातून घेताना पक्कं बिल मागा आणि त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

दाद मागायची तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता पुण्या-मुंबईचा किंवा ऑनलाइन असला तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

जुना लॅपटॉप एखाद्या व्यक्तीकडून घेतलात तर हे कवच फारसं लागू पडत नाही, कारण तो व्यापारी नसतो. तिथे तपासणी हाच इलाज. अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. यूपीआयवरून फसवणूक झाली तर क्षणाचा उशीर न करता १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आपली लढाई आपणच मांडायची असेल तर

मराठे आयते मिळत नाहीत म्हणून हळहळत बसण्यापेक्षा हा रस्ता धरा. 'एज ऑफ एम्पायर्स टू'मध्ये सिनारिओ एडिटर आहे. नकाशा, उंचसखल जमीन, कडे, जंगल, माणसं, सगळं तुम्ही मांडता, आणि 'ट्रिगर' लावून अमुक झालं की तमुक होईल असं ठरवता. एडिटरमध्ये कुठल्याही बाजूला कुठलंही सैन्य देता येतं, त्यामुळे 'मराठे' नावाची बाजू नसल्याने अडत नाही. गुर्जर घ्या. त्यांचे श्रीवंश स्वार बाण चुकवतात, आपल्या हलक्या घोडदळाला ते जवळचे.

साताऱ्याचा १७००चा वेढा यासाठी उत्तम आहे. या गेममध्ये उंचावरून मारा करणाऱ्याचा घाव सव्वापट बसतो आणि खालून मारणाऱ्याचा पाऊणपट. गडाची उंची कामाला येते ती अशी. मांडणी ढोबळमानाने अशी करा:

- मधोमध डोंगर उचला, भोवती कडे लावा. कडे ओलांडता येत नाहीत. दरवाजाकडे जाणारी एकच वाट मोकळी सोडा.
- आत थोडी शिबंदी. बाहेर तिच्या कैक पट फौज आणि तोफा.
- जवळच दुसरा छोटा गड ठेवा, तो सज्जनगड. ठरावीक वेळाने तिथून रसदीची गाडी निघेल असा 'टायमर' लावा. ती अजिंक्यताऱ्यावर पोचली तर शिबंदी वाढेल.
- आता सुरुंग. खऱ्या वेढ्यात एप्रिलमध्ये दोन सुरुंग उडाले. पहिल्याने आतली माणसं मेली, किल्लेदार प्रयागजी प्रभू मातीत गाडले जाऊन जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी जमलेलं मुघल सैन्यच त्याखाली आलं. हे दोन वेगळे ट्रिगर करा: पहिला तटाच्या आतल्या पट्ट्यात 'किल ऑब्जेक्ट', दुसरा बाहेरच्या पट्ट्यात, हल्लेखोरांच्या बाजूवर. दोन्हींमध्ये थोडं अंतर ठेवा, म्हणजे पहिल्या स्फोटानंतर हल्लेखोर पुढे सरसावतील.

प्रतापगड मांडायचा असेल तर जावळीच्या रानात लपलेल्या तुकड्या सुरुवातीला तिसऱ्याच, तटस्थ बाजूच्या ठेवा आणि इशारतीच्या क्षणी 'चेंज ओनरशिप'ने मराठ्यांकडे वळवा. तोवर समोरचा संगणक त्यांच्यावर चालून जात नाही. सांगलीकरांना मिरजेचा भुईकोट आहे. जानेवारी १६६०मध्ये शिवाजी महाराजांनी त्याला वेढा घातला होता. सपाट जमीन, खंदक आणि तट एवढंच असल्याने नवख्याला तो सगळ्यात सोपा जाईल. बाणूरगडचा भूपाळगड अवघड आहे. १६७९ साली दिलेरखानाने तो घेतला तेव्हा संभाजीराजे त्याच्या छावणीत होते आणि किल्ल्यावर फिरंगोजी नरसाळा. कोणती बाजू खेळाडूला द्यायची, इथूनच प्रश्न सुरू होतो.

तपशिलासाठी गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत' आणि यदुनाथ सरकारांचे औरंगजेबावरचे खंड जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयांत विचारून बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे एडिटरमध्ये घालू नका. लाखाची फौज मांडायला गेलात तर लॅपटॉपही नाही म्हणेल.

खरा डोंगर हवा असेल तर झीरो ए.डी. घ्या. त्यातल्या 'ॲटलस' या एडिटरमध्ये उंचीचा नकाशा चित्र म्हणून आत ओढता येतो. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर नोंदणी करून कार्टोसॅटचा उंचीचा नकाशा मोफत उतरवता येतो. त्यातून अजिंक्यताऱ्याभोवतीचा चौकोन कापा, करड्या रंगाचं चित्र म्हणून साठवा (जितकं पांढरं तितकं उंच) आणि आत घ्या. पहिल्या खेपेला एक तर सगळं सपाट दिसेल, नाही तर डोंगर सुयांसारखे उभे राहतील. चित्राचा उजेड-अंधार कमीजास्त करून पुन्हा आत घ्या, चढावरून सैनिक चालत वर जाईपर्यंत. मोफत गेम असल्याने तयार नकाशा मित्रांना पाठवला की त्यांना काही विकत घ्यावं लागत नाही. एकाने यजमान व्हायचं, बाकीच्यांनी त्याचा आयपी पत्ता टाकून आत यायचं. होस्टेलच्या एका वायफायवर एवढं पुरतं. कोणी आतच येऊ शकत नसेल तर यजमानाच्या विंडोज फायरवॉलमध्ये गेमला परवानगी दिलीय का, ते आधी बघा.